एक्सपीवर डायल-अप लागत नसेल तर आधी हे बघा

जुन्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर डायल-अप (फोनच्या लाइनवरून नंबर फिरवून लागणारं इंटरनेट) लागत नसेल तर लगेच फॉरमॅट मारू नका प्लीज, बहुतेक वेळा गडबड वायरमध्येच असते. आधी साधा फोन त्याच वायरला लावून ऐका, डायल टोन स्वच्छ येतोय का. खरखर असेल तर मोडेम (कॉम्प्युटरला फोन लाइनशी जोडणारं यंत्र) काहीच करू शकत नाही, स्पीड पडणार नाहीतर लाइन कट होणार, आणि पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी गेलं की हे हमखास होतं. मोडेमला दोन खाचा असतात, भिंतीकडची वायर 'लाइन' लिहिलेल्या खाचेतच पाहिजे, 'फोन'मध्ये नाही. दुसऱ्या खोलीत त्याच लाइनवर पॅरलल फोन असेल तर तोही काढून बघा.

आता एरर नंबर नीट वाचा. 691 म्हणजे युजरनेम-पासवर्ड नाकारला, कॅप्स लॉक बघा. 678 म्हणजे पलीकडून उत्तर नाही, नंबर तपासा. 680 म्हणजे डायल टोन मिळाला नाही, पण कानाला टोन येतोय तरी 680 असेल तर मोडेमला तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजचा टोन ओळखता येत नाहीये, मग कंट्रोल पॅनेलमध्ये फोन अँड मोडेम ऑप्शन्स, तिथे मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'वेट फॉर डायल टोन' ची टिक काढून टाका, ही सेटिंग खरंच खूप कामाची आहे. तिथेच डायग्नॉस्टिक्समध्ये 'क्वेरी मोडेम' दाबा, काहीच उत्तर आलं नाही तर मोडेमचा ड्रायव्हर (विंडोजला मोडेम चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) परत टाका.