एरोस्पेसच्या विद्यार्थी मंडळात पहिले वर्ष: नवागतांसाठी अनुभवाचे बोल

एरोस्पेस अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, यांत्रिकी आणि थोडेफार प्रोग्रॅमिंग येते. विमानाचा पंख किंवा रॉकेटचे नोझल वर्गात अवतरते ते बरेच पुढे. ही पोकळी विद्यार्थी मंडळ भरून काढते, आणि म्हणूनच सत्राच्या पहिल्या आठवड्यात मंडळाच्या माहितीसभेला तुडुंब गर्दी होते. महिन्याभरात त्या गर्दीतले निम्म्याहून अधिक चेहरे दिसेनासे होतात. मंडळात आधी सदस्य म्हणून आणि नंतर नव्यांना सामावून घेणाऱ्यांपैकी एक म्हणून काम करताना माझे एक मत पक्के झाले: जे टिकतात ते हुशारीमुळे नव्हे, तर एखादे लहानसे काम अंगावर घेऊन ते उड्डाणापर्यंत तडीस नेतात म्हणून. पुढचे सारे सांगणे या एका मुद्द्याभोवतीच आहे.

मंडळे साधारणपणे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात व्यावसायिक संस्थेची किंवा विद्यार्थ्यांच्याच मोठ्या संघटनेची शाखा येते. 1963 मध्ये दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून झालेली एआयएए ही अमेरिकेतील एरोस्पेस अभियंत्यांची संस्था, 1959 मध्ये स्थापन झालेली युरोपातील एरोस्पेस विद्यार्थ्यांची युरोआव्हिया किंवा 1980 मध्ये सुरू झालेली अवकाशप्रेमी विद्यार्थ्यांची सेड्स ही त्याची उदाहरणे. अशा शाखांचा भर व्याख्याने, परिषदा आणि ओळखीपाळखी यांवर असतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष यंत्र बांधणारे गट येतात: रेडिओवर चालणारे विमान, रॉकेट, ड्रोन किंवा लघुउपग्रह. पुष्कळ ठिकाणी एकाच मंडळात दोन्ही कामे चालतात. बांधणी करणाऱ्या गटांची परंपरा जुनी आहे. जर्मन विद्यापीठांतील आकाफ्लीग या ग्लायडर (इंजिनाविना उडणारी विमाने) बांधणाऱ्या विद्यार्थी गटांची सुरुवात 1920 च्या सुमारास झाली, आणि काचतंतूंच्या संमिश्र पदार्थाचे पहिले ग्लायडर, 1957 मध्ये उडालेले ‘एफएस 24 फिनिक्स’, स्टुटगार्टच्या अशाच गटातून आले. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या वस्तूला ‘प्रकल्प’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मंडळात नवा विद्यार्थी आला की त्याला विचारले जाते, ‘कोणत्या उपगटात जायचे?’ उत्तर बहुधा ठरलेले असते: वायुगतिकी (हवेच्या प्रवाहाचा अभ्यास) किंवा प्रणोदन (इंजिनाचे काम). नावे भारदस्त असल्याने तिथे रांग लागते, आणि नवागताच्या वाट्याला बघ्याची भूमिका येते. याउलट रॉकेट परत उतरवणारी पॅराशूट यंत्रणा, तारांची जोडणी, जमिनीवरील उपकरणे, वजनाची नोंदवही किंवा चाचण्यांचे नियोजन ही कामे माणसांवाचून खोळंबलेली असतात. माझा सल्ला असा, की पहिल्या वर्षी यांपैकीच एखादे काम मागून घ्यावे. त्यात मोठेपणा नाही, पण अख्खी वस्तू आपल्या ताब्यात असते. आणि असे कोणतेही काम नीट करायचे तर इतर सर्व उपगटांशी बोलावेच लागते.

उदाहरणादाखल पॅराशूट यंत्रणाच पाहू, कारण बाहेरून ती सर्वांत सोपी वाटते. रॉकेट सर्वोच्च बिंदूला पोहोचले की एक छोटे पॅराशूट उघडते आणि रॉकेट वेगाने पण ताब्यात राहून खाली येते. जमिनीपासून काहीशे मीटर अंतरावर मोठे पॅराशूट उघडते. हे केव्हा करायचे ते ठरवणारा अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची ओळखतो. म्हणजे तो ज्या कप्प्यात बसवला आहे, त्याला बाहेरच्या हवेशी जोडणारी छिद्रे हवीत. ती किती मोठी आणि नळीच्या कोणत्या भागात असावीत, हे मनाला येईल तसे ठरवता येत नाही. नाकाच्या, म्हणजे रॉकेटच्या टोकदार शेंड्याच्या, जोडापाशी जिथे प्रवाह ढवळलेला असतो तिथे छिद्र पाडले, तर अल्टिमीटर खोटी उंची वाचतो. पॅराशूट बाहेर पडावे म्हणून नाक नळीपासून वेगळे करायला काही ग्रॅम काळी दारू वापरतात. ती कमी पडली तर नाक निघत नाही, जास्त झाली तर पॅराशूटचा दोर तुटतो किंवा नळी फाटते. नाक वेळेआधी निघू नये म्हणून नायलॉनच्या बारीक पिना लावतात आणि त्या तोडण्यापुरते बल दारूच्या हिशेबात धरावे लागते. हा हिशेब कागदावर कितीही चोख असला, तरी उड्डाणाआधी रॉकेट जमिनीवर आडवे ठेवून, सर्वांना दूर उभे करून चाचणी घ्यावीच लागते. त्या वेळी नुसते ‘नाक निघाले का’ एवढे पाहून चालत नाही. पॅराशूट घडीतून पूर्ण बाहेर आले का, अग्निरोधक कापड जागेवर होते का, दोराला कुठे करपल्याची खूण आहे का, हे हातात घेऊन तपासावे लागते. जो विद्यार्थी ही चाचणी आखतो, घेतो आणि तिची नोंद लिहितो, तो वायूंचा नियम, पदार्थांची ताकद, इलेक्ट्रॉनिक्स आणि सुरक्षितता या चारही गोष्टी एकाच दुपारी वापरतो.

असल्या कामाची किंमत किती, हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रॉकेट गटाच्या इतिहासात दिसते. या गटाने 21 एप्रिल 2019 रोजी ‘ट्रॅव्हलर 4’ हे रॉकेट उडवले, आणि त्यांच्या विश्लेषणानुसार ते सुमारे 103 किलोमीटर उंचीपर्यंत, म्हणजे अवकाशाची सीमा मानल्या जाणाऱ्या 100 किलोमीटरच्या रेषेपलीकडे गेले. पण त्याआधी सप्टेंबर 2018 मध्ये त्याच गटाचे ‘ट्रॅव्हलर 3’ उडाले होते. उड्डाणापूर्वी त्यातील एव्हिऑनिक्स (उड्डाणाची माहिती नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे) संच नीट कार्यान्वित न झाल्यामुळे माहितीची नोंदच झाली नाही, आणि ते किती उंच गेले हे सिद्ध करता आले नाही. इंजिन, कवच, पंख या साऱ्यांनी आपले काम केल्यावरही हाती पुरावा उरला नाही. प्रक्षेपणस्थळी उन्हात उभे राहून तपासणीयादी मोठ्याने वाचणारा विद्यार्थी गटाला कधीकधी कंटाळवाणा वाटतो. त्याची थट्टा करणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

विमान बांधणाऱ्या गटात हीच जागा वजनाच्या नोंदवहीची असते. आराखड्यात प्रत्येक भागाला ठराविक वजन नेमून दिलेले असते, आणि बांधणी सुरू झाली की ते वाढत जाते. जोडाला थोडे जास्त इपॉक्सी (चिकट राळ), सर्व्होची (पंखाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरची) लांब ठेवलेली तार, दुरुस्तीसाठी लावलेली कापडाची पट्टी, असे ग्रॅमग्रॅमने ओझे चढते. शेपटीकडे वाढलेले वजन विशेष महागात पडते. शेपूट गुरुत्वमध्यापासून नाकाच्या तिप्पट अंतरावर असेल, तर तिथे वाढलेल्या 20 ग्रॅमचा तोल साधायला नाकात 60 ग्रॅम शिसे घालावे लागते, म्हणजे एकूण वाढ 80 ग्रॅमची होते. विमान 10 टक्के जड झाले तर ज्या वेगाखाली पंख ते पेलू शकत नाही तो वेग सुमारे 5 टक्क्यांनी वाढतो, आणि धावपट्टीची लांबी नियमाने बांधलेली असेल तर तेवढ्यानेही उड्डाण हुकू शकते. म्हणून प्रत्येक भाग चिकटवण्याआधी आणि नंतर तोलून वहीत लिहिणारा माणूस गटाला हवा असतो. त्याला दोन महिन्यांत अख्ख्या विमानाची रचना तोंडपाठ होते, ही त्याची खरी मिळकत. शिवाय गुरुत्वमध्य कुठे आहे हे त्याला आकड्यांतही सांगता येते आणि पंखाखाली दोन बोटे धरून, विमान तोलून दाखवताही येते. ही दोन उत्तरे जुळली नाहीत तर उड्डाण पुढे ढकला म्हणण्याचा अधिकार त्यालाच असावा, असे मला वाटते.

स्पर्धांविषयी नवागतांचा एक गैरसमज असतो, की जो उंच किंवा वेगाने उडतो तो जिंकतो. 1986 पासून चालत आलेल्या एसएई एरो डिझाइन या विद्यार्थ्यांच्या विमानस्पर्धेत आणि 1996-97 पासून होणाऱ्या एआयएएच्या ‘डिझाइन, बिल्ड, फ्लाय’मध्ये लेखी अहवालाला मोठे वजन आहे. दुसऱ्या स्पर्धेच्या सूत्रात अहवालाचे गुण आणि उड्डाणाचे गुण यांचा चक्क गुणाकार होतो. बेरजेत अहवालाचा कच्चेपणा झाकता आला असता, गुणाकारात येत नाही. रॉकेटच्या स्पर्धांत आधी जाहीर केलेल्या उंचीच्या किती जवळ पोहोचलो, हे मोजले जाते. तिथे ताकदीपेक्षा भाकिताची परीक्षा असते. त्यामुळे ज्याला नीट लिहिता येते, आलेखाच्या अक्षांवर एकके न विसरता घालता येतात आणि ‘हा पर्याय का नाकारला’ हे चार ओळींत मांडता येते, त्याने आपल्याला यंत्रातले काही कळत नाही म्हणून दूर राहू नये. आराखड्याच्या आढावा बैठकींतही हाच गुण उपयोगी पडतो. तिथे ज्येष्ठ विद्यार्थी आणि प्राध्यापक खोचक प्रश्न विचारतात, त्यांचा रोख आराखड्यावर असतो, आपल्यावर नव्हे. हे पहिल्या बैठकीत कुणालाच पटत नाही, दुसऱ्या बैठकीपर्यंत बहुतेकांना पटते.

सॉफ्टवेअरची फार धास्ती घेऊ नये. रॉकेटसाठी ओपनरॉकेट आणि विमानासाठी एक्सएफएलआर5 ही मोफत साधने पहिल्या वर्षाला पुरून उरतात. मात्र पडद्यावरचा आकडा कुठून आला, हे एकदा तरी हाताने काढून पाहावे. ओपनरॉकेटमागे जेम्स बॅरोमन यांनी 1960 च्या दशकात मांडलेली समीकरणे आहेत. त्यांवरून दाबकेंद्राची, म्हणजे हवेचे एकूण बल जिथे लागते असे मानतात त्या बिंदूची, जागा वहीच्या दोन पानांत काढता येते. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे, नाकाच्या बाजूला, नळीच्या व्यासाच्या किमान एकपट अंतरावर असावा, हा नियम मग पाठ करावा लागत नाही.

सुरक्षिततेबाबत मी जरा कडक आहे. इपॉक्सी आणि कार्बनतंतूंवर काम करताना हातमोजे, आणि घासकाम करताना योग्य मास्क वापरायलाच हवा, कारण ती बारीक धूळ फुफ्फुसांत जाण्याजोगी असते आणि इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टचा असतो; ठेवून द्यायची तर सुमारे 3.8 व्होल्टवर ठेवावी, फुगलेली असेल तर वापरू नये आणि चार्जिंगला लावून निघून जाऊ नये. ‘एवढ्याने काही होत नाही’ हे वाक्य ज्या कार्यशाळेत वारंवार ऐकू येते, त्या गटात जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

वेळेच्या बाबतीत मंडळे उधळी असतात. स्पर्धेआधीच्या आठवड्यांत रात्रीचा दिवस होतो आणि परीक्षा नेमक्या त्याच सुमारास येतात. गटप्रमुखाला सत्राच्या सुरुवातीलाच आपल्या परीक्षांच्या तारखा लेखी द्याव्यात आणि आठवड्याला किती तास देऊ शकतो ते खरे सांगावे. वीस तासांचा शब्द देऊन पाच तास येणाऱ्यापेक्षा सहा तासांचा शब्द पाळणारा गटाला अधिक उपयोगी असतो, कारण त्याच्या भरवशावर वेळापत्रक आखता येते. नापास होऊन मंडळ चालवण्यात काही शौर्य नाही. अनेक गटांत तर किमान गुणांची अटही असते.

नोकरीच्या दृष्टीने मंडळाचा उपयोग होतो, पण लोक समजतात त्या वाटेने नाही. अर्जात नुसते ‘रॉकेट गटाचा सदस्य’ लिहिल्याने फारसे काही साधत नाही. मुलाखत घेणारा अभियंता विचारतो, ‘त्यातले तुम्ही काय केले? हाच आकडा का निवडला? चाचणीत काय निघाले आणि मग काय बदलले?’ पॅराशूटचा दोर निवडणाऱ्याला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे असतात; पाच उपगटांत फिरून आलेल्याकडे बहुधा एकाचेही नसते. परदेशात नोकरीचा विचार करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लवकर जाणून घ्यावी: अमेरिकेत रॉकेट आणि अवकाशयानांचे तंत्रज्ञान निर्यात-नियंत्रणाच्या कायद्याखाली येत असल्याने तेथील अनेक कंपन्या केवळ नागरिकांना किंवा कायमस्वरूपी रहिवाशांनाच अशा पदांवर घेतात. ही अडचण गुणवत्तेने दूर होत नाही. वाट आधीच आखावी लागते.

वर्ष संपताना एक काम उरते आणि ते सर्वांत जास्त टाळले जाते, ते म्हणजे हस्तांतरण. विद्यार्थी मंडळात तीन-चार वर्षांत सगळी माणसे बदलतात, त्यामुळे लिहून न ठेवलेले ज्ञान पदवीबरोबर निघून जाते आणि पुढची तुकडी त्याच छिद्राचा व्यास पुन्हा शोधत बसते. लघुउपग्रहांच्या गटांना हे विशेष जाणवते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह 22 जून 2016 रोजी कक्षेत गेला, तो विद्यार्थ्यांच्या एकामागून एक आलेल्या अनेक तुकड्यांच्या हातून घडला होता. असे काम नोंदींशिवाय उभेच राहू शकत नाही. आपल्या भागाची फाइल तयार करताना अंतिम रेखाचित्रांबरोबर फसलेल्या चाचण्यांच्या नोंदी, सुटे भाग कुठून आणि किती दिवसांत आले, कोणता पर्याय कशामुळे सोडला, हेही लिहावे. मग पुढच्या वर्षीच्या नवागताला ती फाइल द्यावी, त्याच्याकडून एक चाचणी आपल्या मदतीविना करून घ्यावी आणि तो जिथे अडेल तिथे फाइलमध्ये भर घालावी.