चिऱ्याचं घर, पावसाळा आणि नेट

नेट रखडतं म्हणून १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून घेतला, तरी मागच्या खोलीत व्हिडिओवरचं चक्र फिरतंच आहे. कोकणात हे घरोघरी दिसतं. वेग ओटीपर्यंत नीट येतो, पुढे त्याला जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत आडवी येते. म्हणून पैसे वाढवण्याआधी पाच मिनिटांची परीक्षा करा. राउटरपासून चार-पाच फुटांवर उभं राहून स्पीड टेस्ट घ्या, मग तीच टेस्ट अडचणीच्या खोलीत घ्या. राउटरजवळ ९० आणि स्वयंपाकघरात ६ येत असेल तर दोष घरातला आहे, कंपनीशी भांडून काही मिळणार नाही. राउटरजवळच ६ येत असेल तर खुशाल तक्रार नोंदवा.

चिऱ्याची भिंत ९ इंच तरी जाड असते, जुन्या घरांत त्याहून जास्त. शिवाय जांभा सच्छिद्र. पावसाळा लागला की तो पाणी धरून बसतो आणि वायफायच्या लहरी पाण्यात जिरतात. मे महिन्यात परसदारी मिळणारं नेट जुलैत मिळेनासं होतं ते यामुळेही. त्यात जोडणी करणारा माणूस वायर जिथून घरात शिरते तिथेच, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात नाहीतर टीव्हीच्या मागे, राउटर ठोकून जातो. जोडणीच्या दिवशीच १०-१५ मीटर जादा वायर मागून घ्या आणि राउटर घराच्या मध्यावर, माजघरात, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर लावून घ्या. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि पत्र्याचं छप्पर या चौघांपासून तो लांब हवा.

आता बँड. बहुतेक राउटर दोन लहरी सोडतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या. पहिली हळू, पण भिंत पार करण्यात बरी. दुसरी वेगवान, पण एका चिऱ्याच्या भिंतीतच दमते. (या ५ चा मोबाइलच्या फाइव्ह जीशी काही संबंध नाही, दुकानात सांगतात तसं ऐकू नका.) राउटरच्या खालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. तो ब्राउजरमध्ये टाकून आत जा आणि दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. टीव्ही त्याच खोलीत असेल तर ५ वर, लांबच्या खोलीतले फोन २.४ वर. २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच ठेवा. विरळ वाडीत कोणताही चालतो. चिपळूण-रत्नागिरीच्या इमारतीत मात्र शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेला चॅनल शोधावा लागतो.

तरीही मागची खोली कोरडीच राहिली, तर लोक रिपीटर (वायफाय उचलून पुढे सोडणारं यंत्र) आणतात आणि तो नेमका नेट न येणाऱ्या खोलीत लावतात. तिथे त्याला उचलायलाच काही नसतं. तो अर्ध्या वाटेवर, जिथे अजून बरी रेंज आहे तिथे लावायचा. तसा लावला तरी साधा रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो. त्यापेक्षा माळ्यावर पडलेला जुना राउटर काढा आणि लॅन केबल ओढा. एका ओढीत ती १०० मीटरपर्यंत चालते, घरात एवढी लागतच नाही. जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी (जोडलेल्या यंत्रांना पत्ते वाटायची सोय) बंद करा, वायफायचं नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखाच द्या. केबल दोन्ही बाजूंना लॅनच्या भोकातच घाला, वॅनच्या नाही. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर फोन जोडला जातो पण नेट येत नाही, आणि मग दोष केबलवर जातो. एक मात्र सांभाळा. घरातून गोठ्याकडे किंवा बागेतल्या खोलीकडे उघड्यावरून तांब्याची लॅन केबल नेऊ नका, जवळपास वीज पडली की दोन्ही टोकांची यंत्रं जातात. तिथे फायबरच टाका.

वीज हा इथला मोठा शत्रू, आणि तो पावसाच्या मध्यापेक्षा सुरुवातीला आणि शेवटी जास्त येतो: मे-जूनचे वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण बाहेरून येणाऱ्या बऱ्याच वायरींना आधारासाठी लोखंडी तार जोडलेली असते, शिवाय अडॅप्टर तर थेट बोर्डाला असतो. आभाळ गडगडायच्या आधी अडॅप्टर सॉकेटमधून उपसा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. टीव्ही-संगणकाला गेलेली लॅन केबलही काढा. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र वायरींना हात लावू नका, तेव्हा गेलं तर यंत्र जाऊ दे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अॅप जवळ कुठे वीज पडते आहे ते दाखवतं, ते घरातल्या एकाच्या तरी फोनवर असावं. स्पाइक गार्ड घ्यायला हरकत नाही, पण अर्थिंग चांगलं नसेल तर त्यातला सर्ज प्रोटेक्टर जेमतेम काम करतो. कातळावरच्या घरांचं अर्थिंग उन्हाळ्यात बहुधा कमजोर पडतं. ते वायरमनकडून मोजून घ्या. चार्जिंगला लावलेला फोन कानाला धरू नका. न लावलेला घरात वापरायला काही होत नाही.

लाइट गेल्यावर नेट हवं असेल तर राउटरचा मिनी यूपीएस घ्या. घेण्याआधी अडॅप्टरवरचे आकडे वाचा. १२ व्होल्टच्या राउटरला १२ चाच हवा. अँपियर तेवढे किंवा जास्त चालतील, पण ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. किती वेळ टिकेल हे खोक्यावर फुगवून लिहिलेलं असतं, हिशोब आपणच करावा. १०,००० एमएएच गुणिले आतल्या सेलचे ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॅट-तास. त्यातले सात वाया गेले धरा, उरले ३०. राउटर ८ वॅट खात असेल तर पावणेचार तास. फायबरचं खोकं वेगळं असेल तर त्याचेही वॅट मिळवा, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद अशी गंमत होते.

पावसात नेट पूर्ण गेलं तर फायबरच्या खोक्यावरचे दिवे बघा. एलओएसचा (LOS) लाल दिवा पेटला किंवा लुकलुकला म्हणजे प्रकाशच येत नाही. बाहेर कुठेतरी वायर तुटली, माडाची झावळ पडली, नाहीतर खारीने कुरतडली. बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका, ऑपरेटरला ‘एलओएस लाल आहे’ एवढंच सांगा, तो शिडी घेऊनच येईल. पॉनचा (PON) हिरवा दिवा स्थिर असून नेट नसेल तर मात्र खोकं ३० सेकंद बंद ठेवून परत लावा. फायबरचं हिरवं टोक उपसून पुसायला जाऊ नका, बारीकशी धूळही पुरते. त्या टोकात डोळा घालून तर मुळीच बघू नका, लेझर दिसत नाही पण असतो. बाहेरून येणारी वायर भिंतीत शिरण्याआधी खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोक्यातून गळून जाईल. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं आणि सिलिकॉनने बुजवलेलं. हे केलं नाही तर पाणी वायर धरून थेट बोर्डापर्यंत पोचतं.

डोंगराच्या कुशीतल्या वाडीत फोनला रेंज नाही पण फायबर आलं आहे, अशी पुष्कळ घरं आहेत. तिथे वायफाय कॉलिंग चालू करा. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर हा पर्याय असतो, नाव थोडं वेगळं असेल. कंपनीने सोय दिलेली असली की साध्या नंबरवरूनच कॉल लागतो, वेगळं अॅप लागत नाही. लाइट गेली की राउटरबरोबर हेही जातं, म्हणून यूपीएस. रेंज मोजायची तर दांड्या बघू नका. ‘फोनविषयी’मध्ये सिम स्टेटसला आकडा असतो: उणे ८५ म्हणजे छान, उणे ११० म्हणजे कुरकुर, उणे १२० च्या खाली कॉल तुटणारच. घरात तीन-चार जागी मोजून बघा, पडवी आणि देवघर यांतच २० चा फरक निघतो. फाइव्ह जी येत-जात असेल तर फोन फोर जीवर ठेवा, बॅटरी दुपारीच संपणार नाही. बाजारातले बिनपरवाना सिग्नल बूस्टर बेकायदा आहेत आणि सगळ्या वाडीची रेंज बिघडवतात.

गणपतीत चाकरमानी आले की दांड्या पूर्ण असूनही नेट चालत नाही. दांड्या सिग्नल दाखवतात, टॉवरवरची गर्दी नाही. घरच्या वायफायला पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढा, म्हणजे मुख्य पासवर्ड आणि सीसीटीव्ही आपल्यापाशीच राहतील. व्हॉट्सअॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. आरत्या आधीच उतरवून ठेवा.

वादळाची तयारी वेगळी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात दिवसचे दिवस ना लाइट होती ना टॉवर. दुसऱ्या कंपनीचं एक सिम घरात असावं, महत्त्वाचे नंबर वहीत लिहिलेले असावेत, थोडी रोकड असावी. अशा वेळी सरकार कंपन्यांना एकमेकींचे टॉवर वापरू देतं. तेव्हा सेटिंग्जमध्ये नेटवर्कची आपोआप निवड बंद करून, जे नेटवर्क दिसेल ते हाताने निवडून बघा.

फोन भिजला तर आधी चार्जर काढा, बंद करा, सिमचा ट्रे काढा, भोक खाली करून पंख्यासमोर ठेवा. तांदळात पुरू नका, कणी आणि पीठ भोकात जाऊन बसतं. हेअर ड्रायरही नको. ओलाव्याची सूचना आली तर अर्धा तास तरी थांबा, दमट दिवसात पूर्ण दिवसही लागतो. घाईने चार्ज केलं की पिना गंजतात. समुद्राच्या पाण्यात पडलेल्या फोनची गोष्ट निराळी. आयपी६८ ची खूण गोड्या पाण्यापुरती असते. तसा फोन असेल तर नळाच्या पाण्याने हलकेच धुवून मग वाळवा, नसेल तर बंद करून त्याच दिवशी दुरुस्तीला न्या. मीठ आत राहिलं तर फोन आठवडाभर चालतो आणि मग मरतो. बंदरकाठच्या घरात चार्जरच्या टोकावर हिरवट बुरा दिसला तर ती केबल टाकूनच द्या.

शेवटी पैशांचं, कारण आंब्याच्या हंगामात हे हटकून होतं. पाच पेट्यांची ऑर्डर देणारा ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणाला की फोन ठेवा. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. ‘बिल भरलं नाही, आज रात्री लाइट तोडू’ असा मेसेज, लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके (फोनवर अॅप बसवणारी) फाइल, ‘*४०१* लावून हा नंबर फिरवा’ अशी विनंती, सगळं त्यातलंच. अशा कोडने आपले कॉल, आणि त्यांतून येणारे ओटीपीही, दुसऱ्याकडे वळतात. चुकून लावलं असेल तर ##००२# फिरवा. पैसे गेलेच तर बँकेच्या शाखेत जाण्याची वाट न बघता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या तासाभरात पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. फोन लावताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर लिहून ठेवा, पहिल्यांदा तेच विचारतात.