पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘हृदयात ठिपका’ आला, तर रिपोर्ट कसा वाचायचा

मी कोल्हापुरात गर्भवतींची सोनोग्राफी करते. ‘मॅडम, बाळाच्या हृदयाला काय झालंय?’ हा प्रश्न रडवेल्या आवाजात फार वेळा कानावर येतो. रिपोर्टात लिहिलेलं असतं ‘इकोजेनिक इंट्राकार्डियाक फोकस’. स्क्रीनवर हा ठिपका हाडाइतका पांढरा दिसतो, बहुधा हृदयाच्या डाव्या कप्प्यात, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर हलतो. झडपेच्या दोऱ्या जिथे जोडलेल्या असतात, त्या स्नायूत साठलेलं ते कॅल्शियम. हृदयाचं काम त्याने अडत नाही. आशियाई बाळांत तो तुलनेने जास्तच दिसतो.

मग आम्ही तो लिहितो कशाला? डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत तो जरा जास्त वेळा सापडतो म्हणून. तेव्हा आधी तिसऱ्या महिन्यातली फाइल काढा. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) झालं असेल, तर ‘ट्रायसोमी 21’ (डाउन सिंड्रोमचंच दुसरं नाव) समोर आकडा असेल. 1:250 म्हणजे असा रिपोर्ट आलेल्या 250 जणींत एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम, 249 जणींच्या बाळांना नाही. तरी 1:250 ला बहुतेक लॅब ‘हाय रिस्क’ म्हणतात. तुमचा आकडा लो रिस्क असेल, बाळाचे बाकी अवयव नीट असतील, तर एकट्या ठिपक्यासाठी पुढची तपासणी लागत नाही. मेंदूतल्या ‘कोरॉइड प्लेक्सस सिस्ट’चंही (द्रवाच्या छोट्या पिशव्यांचंही) तसंच. त्या बहुतेक आपोआप विरतात.

पण मानेमागच्या त्वचेची घडी 6 मिमी किंवा जास्त असेल, नाकाचं हाड दिसत नसेल किंवा दोन-तीन मार्कर (ठिपक्यासारख्या खुणा) एकत्र आले असतील, तर मी नुसता धीर देऊन घरी पाठवत नाही. हृदयाच्या रचनेतच दोष असेल तर डबल मार्कर चांगला आला होता यावर विसंबू नका.

अशा वेळी एनआयपीटी की अ‍ॅम्निओ, हे डॉक्टरांना थेट विचारा. एनआयपीटीत आईचंच रक्त घेतात, डाउन सिंड्रोम ती फार चांगला पकडते, पण ती चाळणीच, म्हणजे फक्त शक्यता सांगते. पॉझिटिव्ह आली तरी खात्री अ‍ॅम्निओनेच. त्यात सोनोग्राफीखाली बारीक सुईने गर्भजल काढतात. गर्भपाताचा धोका असतो, पण अनुभवी हातांत तो शंभरात एकापेक्षा कमी.

तारखेकडे लक्ष ठेवा. गुणसूत्रांच्या पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. गर्भपात कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर दोष असेल तर 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यापुढे प्रकरण मेडिकल बोर्डाकडे जातं. म्हणून अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे हीच पाचव्या महिन्याची सोनोग्राफी, 18 ते 20 आठवड्यांत उरकाच. बाळ ठेवायचं की नाही, हे ठरवणारी तुम्हीच. त्यासाठी हाताशी दिवस हवेत, आणि बावीसाव्या आठवड्यात पहिल्यांदा येणाऱ्या बाईला ते मी कुठून देऊ?