बिनसलेल्या उन्हाळ्याची तयारी

पहिलं काम तापमापकाचं. दिवसभरातला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असे दोन्ही आकडे धरून ठेवणारा मिळाला तर तोच घ्या आणि वाफ्याजवळ, सावलीत, झाडांच्या उंचीवर टांगा. सोबत एक वही. दुपारचा आकडा सगळेच बघतात, पण भाजीच्या बाबतीत रात्रीचा आकडा जास्त बोलका असतो. टोमॅटोचंच घ्या. दिवस ३२ ते ३५ अंशांच्या पुढे जाऊ लागले आणि रात्रीही २१ ते २४ अंशांच्या खाली उतरेनाशा झाल्या की परागकण निकामी होतात, फळ धरत नाही. उलट रात्री १०-१२ अंशांच्या खाली गेल्या तरी तीच गत. उन्हाळ्याची सुरुवात बिनसते ती या दोन टोकांमध्ये हेलपाटे घालत: आठवडाभर ढग आणि गारठा, मग एकाएकी भट्टी, मध्येच एखादी वादळी सर. आकडे लिहून ठेवलेले असले की फुलं गळायला लागल्यावर ‘खत कमी पडलं असेल, कीड लागली असेल’ असे तर्क लढवत बसावं लागत नाही.

फुलगळ एकदा जवळून बघून ठेवा. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मधोमध एक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. आधी गाठीपासून फुलापर्यंतचा तेवढाच तुकडा पिवळा पडतो. मग नुसतं बोट लागलं तरी फूल त्या गाठीपाशी अलगद सुटून तळव्यात येतं. कुठे ओरबाडल्याची खूण नाही, की पोखरल्याचं भोक नाही. झाडानेच ते सोडून दिलेलं असतं. अशा वेळी झाडाला काही ‘द्यायचं’ नसतं, ते जगवायचं असतं. पानं आणि मुळं धड राहिली तर हवा निवळल्यावर नवी फुलं येतात. पुढची सगळी यादी एवढ्यासाठीच आहे.

म्हणून दुसरं काम खताचा डबा उचलून ठेवायचं. थंडी ओसरताना मातीत कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून झालं असेल तर उष्णतेच्या लाटेच्या दिवसांत आणखी काही घालायची गरज नसते. नत्राचं (नायट्रोजनचं) खत तर मुळीच नको. झाड पाला वाढवत सुटतं, त्या पाल्याला आणखी पाणी लागतं आणि फळाचं नाव नाही. एका वर्षी सुकलेल्या मिरच्यांची मला दया आली आणि मी भर दुपारी त्यांना खताचं पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा विड्या ओढून चुरगाळल्यासारख्या तपकिरी झाल्या. कोरड्या मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं उलट जड जातं, एवढं साधं माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. आता डबा वरच्या फळीवर असतो. काढायला स्टूल लागतं आणि स्टूल आणेपर्यंत विचार करायला वेळ मिळतो.

पाण्याची तयारी मात्र सावकाशीने करावी, कारण अर्ध्याहून जास्त घोटाळे तिथेच होतात. सरळ कडांचा एक डबा वाफ्यात ठेवून द्या. त्यात १ मिलिमीटर पाऊस साचला म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी मिळालं. साध्या हवेत भाजीच्या वाफ्याला आठवड्याला २५ मिलिमीटरच्या आसपास लागतं, उकाड्यात त्याहून जास्त. म्हणजे गडगडाट करून ४ मिलिमीटर पडून गेलेल्या पावसावर भरवसा ठेवायचा नाही. त्याने फक्त वरची माती काळी होते आणि आपल्याला वाटतं, आज सुटी. खरी परीक्षा बोटाची. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायची. टोकाला गार ओल लागली तर थांबा. कोरडं लागलं तर द्या, आणि द्यायचं तर मुळाशी, हळूहळू, खोल जाईपर्यंत. रोज चुळकाभर शिंपडलं की मुळं वरच्या दोन बोटांतच रेंगाळतात आणि पहिल्या लाटेला भाजून निघतात.

वेळ पहाटेची. पण नियम म्हणून घट्ट धरू नका. काकडी-भोपळ्याची पानं दुपारी छत्रीसारखी मिटून लोंबतात आणि संध्याकाळी आपोआप ताठ होतात. ते त्यांचं नेहमीचं आहे, घाबरून बादली ओतायची नाही. सकाळीच मलूल दिसली तर मात्र ताबडतोब पाणी. आणि माती ओली असून झाड मान टाकत असेल तर दुखणं मुळांमध्ये आहे, आणखी पाणी म्हणजे त्याला बुडवणं. ‘दुपारी पानावर पाणी पडलं की थेंबाचं भिंग होऊन पान जळतं’ हा धाकही थोडा सैल करा. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. गुळगुळीत पानांवर तसे डाग पडले नाहीत. लव असलेल्या पानांवर थेंब अधांतरी अडकतात, तिथे मात्र शक्यता उरते. दुपारी तहानलेलं रोप संध्याकाळपर्यंत तसंच ठेवण्यात अर्थ नाही. मुळाशी द्या म्हणजे प्रश्नच मिटला. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी तेवढं बाजूला सोडा, ते चटका बसण्याइतकं तापलेलं असतं.

कुंड्यांचा हिशेब वेगळा. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) माती एकदा पुरती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेशी फट पडते आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. खालून पाणी गळालेलं बघून आपण समाधानी, आत गड्डा कोरडा ठणठणीत. अशी कुंडी घमेल्यातल्या पाण्यात अर्धा-पाऊण तास बसवून ठेवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. तेव्हा एवढं मोठं घमेलं आधीच शोधून ठेवा. काळ्या कुंड्यांना पांढऱ्या फडक्याचा वेढा द्या किंवा त्या एकमेकींना खेटून ठेवा, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते. गावाला जायचं असेल तर झिलई नसलेलं मातीचं मडकं वाफ्यात गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावं, तोंडावर झाकण ठेवावं. माती कोरडी पडेल तसतसं मडकं पाझरतं. ही युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. मात्र मडकं रोप लावतानाच पुरायचं. वाढलेल्या झाडाशेजारी खड्डा खणला तर मुळं तुटतात.

पाणी एक दिवस भरपूर आणि तीन दिवस काहीच नाही असं झालं की टोमॅटोचं बूड काळं पडून चामड्यासारखं होतं. मग लोक कॅल्शियम मिळावं म्हणून अंड्याची टरफलं चुरून घालतात. टरफलं कुजायला फार वेळ लागतो, आणि बहुतेकदा मातीत कॅल्शियम असतंच. ते फळापर्यंत वाहून नेणारं पाणी तुटक मिळालेलं असतं. तशी फळं तोडून टाका आणि पाण्याची पाळी नीट करा.

आच्छादनासाठी वाळला पालापाचोळा, पेंढा, वाळवलेलं गवत आत्तापासून पोत्यात भरून ठेवा. लागतं तेव्हा नेमकं सापडत नाही. मातीला आधी भरपूर पाणी, मग ५ ते ८ सेंटिमीटरचा थर. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी, नाहीतर खोड कुजतं. घाई मात्र करू नये. सुरुवात गारठ्याची असेल तर माती तापू द्या, मग झाका. थंड माती झाकली तर थंडच राहते आणि भेंडी हटून बसते.

शेडनेटचं कापड घेताना टक्के बघा. फळभाज्यांना ३० ते ४० टक्के सावली पुरे, पालेभाज्यांना आणि कोवळ्या रोपांना ५० पर्यंत चालते. ७५ टक्के सावलीच्या कापडाखाली टोमॅटो नुसता लांबुडका होतो. कापडापेक्षा महत्त्वाचे त्याचे खांब, आणि ते लाटेआधी रोवलेले हवेत. उन्हाच्या भरात घाम पुसत बांबू ठोकताना किती रोपं तुडवली जातात ते मी मोजलेलं नाही, पण एक वांगं नक्की गेलं. कापड पानांना टेकू नये, वर हात-दीड हात हवा खेळती राहावी. जुनी पातळ पांढरी चादरसुद्धा भागवते. याच दिवसांत पानांची छाटणी थांबवा. पानांचं छत्र गेलं की फळावर कागदासारखा पांढरट डाग पडतो, मिरचीवर आणि टोमॅटोवर विशेष. आतून उन्हात न्यायची रोपं ७ ते १० दिवस थोडी थोडी ऊन खात गेली पाहिजेत.

वादळी सरीसाठी आधाराच्या काठ्या रोप लावतानाच रोवा. बांधायला सुतळीपेक्षा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या बऱ्या. खोड आणि काठी यांमध्ये पट्टीला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात खोड काठीवर घासत नाही. जमिनीला टेकलेली खालची पानं काढून टाका, कारण पावसाच्या थेंबांबरोबर उडालेल्या मातीतून करपा वर चढतो. सर येऊन गेल्यावर मातीवर जी पापडी धरते ती खुरप्याने हलकेच फोडायची. खोल खणायचं नाही.

आता बियाण्याचा डबा. सगळं एकदम पेरून टाकायचा मोह आवरा आणि तिसरा हिस्सा मागे ठेवा. भेंडी, गवार, चवळी, राजगिरा ही उकाड्याला न घाबरणारी मंडळी, पण माती २० अंशांच्या वर गेल्याशिवाय भेंडीला घाई करू नये. पेरण्याआधी रात्रभर भिजवली तर बरी. कोथिंबीर, पालक, मुळा यांना मोठे दिवस आणि ऊन मिळालं की ती दांडा काढून फुलावर जातात. ती थोडी थोडी, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, सावलीत पेरा. लेट्यूसचं बी तर माती ३० अंशांच्या आसपास तापली की चक्क झोपून राहतं. बी खराब म्हणून दुकानदाराला दोष देऊ नका.

वेलांसाठी एक मऊ ब्रश आणि एक बॅटरी. काकडी, दुधी, भोपळा यांना आधी नरफुलंच येतात, आणि मोठे दिवस व उकाडा असला की त्यांचीच गर्दी जास्त. मादीफूल ओळखायला अवघड नाही: पाकळ्यांच्या मागे बोटभर, लवदार, तयार फळाची चिमुकली प्रतिकृती असते. उन्हाच्या कडाक्यात मधमाश्या फिरकल्या नाहीत तर ती प्रतिकृती पिवळी पडून गळते. म्हणून ताजं नरफूल तोडा, पाकळ्या खाली सोला, आणि मधला पिवळा दांडा, किंवा त्याची पूड घेतलेला ब्रश, मादीफुलाच्या आतल्या चिकट भागावर दोन-तीनदा फिरवा. बोटाला पिवळी पूड लागली पाहिजे, नाही लागली तर फूल शिळं आहे. काकडी-भोपळ्याचं हे काम पहाटेचं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणून बॅटरी. टोमॅटोला ब्रश लागत नाही, सकाळी दहाच्या सुमारास काठीला टिचकी मारली तरी पुरते. आणि घरात सर्वांना सांगून ठेवा: उन्हाने ताणलेल्या वेलाची काकडी किंवा दुधी कडू असू शकतो. चिरल्यावर एक कण जिभेला लावायचा. कडूजहर लागला तर थुंकायचं आणि सगळंच्या सगळं फेकायचं. शिजवून तो विषारी कडूपणा जात नाही.

किडीसाठी एक भिंग आणि पांढरा कागद. कागद पानाखाली धरून पान झटकायचं. मिरपुडीसारखे ठिपके पडले आणि थोड्या वेळाने चालू लागले तर लाल कोळी. कोरड्या उकाड्यात तो झपाट्याने वाढतो. पानांच्या पाठीवर सलग तीन-चार सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारला तर बराचसा धुऊन जातो. मिरचीची पानं होडीसारखी वर वळली तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा, खाली वळली तर कोळ्याचा. कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिलिलिटर, साबणाच्या थेंबांसह. पण आधी दोन पानांवर मारून बघा, संध्याकाळीच फवारा, आणि तहानलेल्या झाडावर कधीही नको. दिसेल ते मारणारी जहाल औषधं टाळलेली बरी, ती कोळ्यांना खाणारे किडेही मारतात आणि मग कोळी दुप्पट जोमाने परततात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या तर औषध शोधू नका, तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. झाड उपटा.

तोडणीची टोपली दाराशी असू द्या. ३० अंशांच्या वर टोमॅटोचा लाल रंग नीट धरत नाही, फळ नारिंगीवरच अडून बसतं. बुडाशी रंग फिरू लागला की काढून घरात सावलीत ठेवा, तिथे ते बरं पिकतं आणि वेलावरचं ओझंही कमी होतं.

वही मात्र शेवटपर्यंत वाफ्याजवळ राहू दे. रात्रीचा आकडा २० च्या आसपास उतरला ती तारीख लिहा आणि आठवड्याभराने पुन्हा टोमॅटोच्या देठाची ती गाठ बघा. फूल वाळून तपकिरी झालेलं असेल, पण गाठ हिरवी असेल. वाळल्या पाकळ्या बोटाने बाजूला केल्या तर आत मोहरीएवढा हिरवा मणी दिसतो.