३०० मिमी पाऊस ४४ होतो तेव्हा: लायब्ररी बदलली की पॅकेजचं काय करायचं

समजा, मुंबईच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी वाचणारं एक पायथन पॅकेज तुम्ही सांभाळता. ते ज्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीवर चालतं तिची २.० आवृत्ती आली आणि टेस्ट लाल झाल्या, म्हणजे पडल्या. लाल टेस्टची काळजी नको, तो सोपा भाग आहे.

आधी नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (लायब्रऱ्यांचा वेगळा, स्वतंत्र संच) करा आणि त्यात फक्त नमपाय वाढवा, बाकी सगळं होतं तिथेच ठेवा. चार लायब्रऱ्या एकदम वाढवल्या तर दोष कुणाचा ते कळत नाही. मग रिलीज नोट्समधला (नव्या आवृत्तीतल्या बदलांच्या यादीतला) काढून टाकलेल्या गोष्टींचा भाग ओळ न ओळ वाचा.

काढलेलं नाव निदान ओरडतं. नमपायमधलं ‘एनपी.फ्लोट’ हे नाव १.२० मध्ये डेप्रिकेट झालं, म्हणजे पुढे काढणार असं जाहीर झालं, आणि १.२४ मध्ये गेलं. मधे जवळजवळ दोन वर्षं इशारा मिळत होता, पण आयात केलेल्या मॉड्यूलमधली डेप्रिकेशन वॉर्निंग पायथन एरवी दाखवतच नाही. म्हणून पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या सेटिंगमध्ये ‘फिल्टरवॉर्निंग्ज’ला ‘एरर’ द्या. वॉर्निंग आली की टेस्ट पडलीच पाहिजे.

खरा धोका आहे तो नाव तेच राहून अर्थ बदलण्याचा. नोंदी जागा वाचवायला ‘यूइंट८’मध्ये (० ते २५५ एवढेच पूर्णांक मावणाऱ्या प्रकारात) ठेवल्यात असं धरा. अशा एका १०० मध्ये पायथनचा साधा २०० मिळवला तर जुनी नमपाय ३०० द्यायची. २.० देते ४४, कारण आता प्रकार ‘यूइंट८’च राहतो आणि त्यात २५५ च्या वर काही मावत नाही; ३०० मधले २५६ गळून ४४ उरतात. सोबत एक रनटाइम वॉर्निंग येते, तीही लॉगमध्ये हरवते. ‘फ्लोट३२’मध्ये (कमी अचूकतेच्या दशांश प्रकारात) पायथनचा साधा दशांश मिळवताना तर प्रकार आता गुपचूप ‘फ्लोट३२’च राहतो, कसलीच वॉर्निंग नाही.

म्हणून टेस्टमध्ये खरे, मोठे आकडे घाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. ५ आणि १० मिमीच्या टेस्ट ही चूक कधीच पकडणार नाहीत, ९४४ पकडेल. उत्तराबरोबर त्याचा डीटाइप, म्हणजे आकड्याचा प्रकारही तपासा.

दुरुस्ती जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांवर चालली पाहिजे. आवृत्तीचे आकडे मजकूर म्हणून कधीही ताडू नका: तसं केलं तर ‘१.१०’ हे ‘१.९’पेक्षा लहान ठरतं. एखादं नाव आहे का ते ‘हॅसअॅटर’ने विचारा: ‘ट्रॅपेझॉइड’ हे नवं नाव असेल तर ते घ्या, नसेल तर त्याच फंक्शनचं जुनं नाव ‘ट्रॅप्झ’. पॅकेजमध्ये सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेला भाग) असेल तर तो नमपाय २.० वर बांधा, म्हणजे कंपाइल करा. तसं बांधलेलं १.x वरही चालतं, १.x वर बांधलेलं २.० वर चालत नाही.

नमपायची आवृत्ती ‘२ पेक्षा कमी’ अशी मर्यादा तात्पुरती घालायला हरकत नाही, पण ती विसरलात तर तुमच्यावर अवलंबून असलेली पॅकेजं अडकतात. सीआयमध्ये (प्रत्येक बदलाला टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) तुम्ही कबूल केलेली नमपायची सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी आवृत्ती कायम चालवा, आठवड्यातून एकदा नाइटलीही (अजून प्रसिद्ध न झालेली, चालू कामाची आवृत्ती).

अशा सगळ्या जुळवाजुळवी एकाच ‘कॉम्पॅट’ फाइलमध्ये ठेवा, आणि प्रत्येकीशेजारी लिहा: तुम्हाला लागणारी नमपायची किमान आवृत्ती कितीवर गेली की ही ओळ काढायची.