दुसरं घर विकताना: कराचा हिशोब दोनदा करा

भारतातलं घर 24 महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल, तर नफा दीर्घकालीन धरतात. खरेदी 23 जुलै 2024 पूर्वीची असल्यास इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदी किंमत महागाईनुसार न वाढवता) 12.5 टक्के आणि इंडेक्सेशनसह 20 टक्के, दोन्ही आकडे काढा. कमी येईल तेवढाच कर. (अनिवासी भारतीयांना ही मुभा नाही.) खरेदीखर्चात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरा, रंगरंगोटी नको.

नफ्यातून नवं घर घेऊन करात सूट मिळवू पाहणारे अनेकजण इथे फसतात: घर घ्यायला विक्रीपासून 2 वर्षं, बांधायला 3 वर्षं मिळतात म्हणून पैसे बचत खात्यातच ठेवतात. प्राप्तिकर विवरणपत्राच्या मूळ मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात (अशा नफ्यासाठीच्या खास खात्यात) भरा, नाहीतर तेवढी सूट हातची जाते.