काळप्रवासाची किशोर प्रेमकथा पेशवाईतील पुण्यात नेत असाल, तर या चुका टाळा

दिवाळी अंकाच्या किशोर विभागासाठी येणाऱ्या कथा मी बरीच वर्षे वाचत आले आहे, आणि त्यांत काळप्रवासाच्या प्रेमकथांचा ओघ अलीकडे चांगलाच वाढला आहे. दहावीतील मुलगी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत शिरते ती थेट १७६० सालात पोहोचते, दुसऱ्या पानावर तिला देखणा शिलेदार भेटतो, आणि चौथ्या पानावर ती त्याच्याकरवी भाऊसाहेबांना पानिपताविषयी सावध करते. कल्पनेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती घाईला. त्या काळाने प्रेमाच्या आणि साहसाच्या वाटेत जे अडथळे उभे केले असते, ते सगळे लेखक आधीच बाजूला सारतो आणि मग कथेत काही घडत का नाही, असे मलाच विचारतो.

सर्वांत अधिक आढळणारी चूक लग्नाच्या वयाची आहे. माधवराव पेशव्यांचा जन्म १७४५ चा आणि विवाह १७५३ चा. सवाई माधवरावांचे लग्न १७८३ मध्ये झाले तेव्हा त्यांना नववे वर्षही पुरे झाले नव्हते. तेव्हा सोळा वर्षांचा, खात्यापित्या घरातला नायक अविवाहित असेल, तर त्याचे कारण कथेत असलेच पाहिजे: तो पोरका असेल, लग्न ठरून मोडले असेल, बालपणीची बायको देवीच्या साथीत गेली असेल. यांपैकी कोणतेही कारण घेतले की त्या मुलाला एक भूतकाळ मिळतो, जो एरवी फक्त रुंद खांदे आणि तलवार एवढ्यावरच निभावून नेतो. माझी सवय अशी, की प्रत्येक पात्राचे जन्मसाल, लग्न, जात आणि ते कोणाच्या पंगतीला बसते, हे मी कथेच्या आधी वहीत लिहून काढते. जात लिहायला सांगितली की नवे लेखक नाराज होतात, कारण त्यामुळे म्हणे कथा जड होते. परंतु आलेल्या मुलीला पहिला प्रश्न ‘तू कोणाची?’ हाच विचारला जाणार, आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय तिला कोणाच्या ओसरीवर बसता येणार नाही की पाणवठ्यावर भांडे बुडवता येणार नाही. नानासाहेबांनी कात्रजहून पाणी आणून शहरात हौद बांधले, हे सगळे मोठ्या हौसेने लिहितात. त्या हौदावर कोण पाणी भरू शकत होते, हे लिहिताना मात्र लेखणी अडखळते.

दुसरी चूक पत्रांची, आणि तिच्यावर मी थोडे अधिक बोलणार आहे. एका होतकरू लेखिकेच्या कथेत नायक मोहिमेवरून पत्र पाठवतो आणि आजची मुलगी ते कडुनिंबाखाली बसून एका दमात वाचते, डोळेही पुसते. मी त्या लेखिकेला पेशवेकालीन पत्राचे एक छायाचित्र पाठवले आणि पहिली ओळ वाचून दाखवायला सांगितले. तिला एक अक्षरही लागले नाही, कारण तेव्हाचा रोजचा पत्रव्यवहार मोडी लिपीत चाले. तिच्यात बोरू शक्यतो न उचलता लिहितात, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. यावर तिने सुचवलेला उपाय असा, की नायिकेला आजोबांनी लहानपणी मोडी शिकवली होती, असे एक वाक्य घालते. या एका वाक्याच्या उपायाचा मला मनस्वी कंटाळा आहे. आम्ही फोनवर चांगलेच भांडलो. शेवटी तिने मान्य केले की नायिकेला पत्र वाचता येत नाही, तेव्हा ते दुसऱ्याने वाचून दाखवावे लागेल. घरातली विधवा आत्या बालबोधात, म्हणजे देवनागरीत, लिहिलेली ‘हरिविजय’ ही पोथी वाचू शकते, पण मोडी तिला येत नाही. मोडी येते ती नायकाच्या थोरल्या भावाला, जो दप्तरात कारकून आहे आणि ज्याला ही मुलगी घरात नको आहे. आता प्रत्येक पत्र त्याच्या तोंडून ऐकावे लागते, आणि तो काय गाळतो, काय पदरचे घालतो, हे तिला कळत नाही. उलट तिचे उत्तर देवनागरीत, म्हणजे पोथीच्या लिपीत जाते, आणि शिलेदाराला प्रेमपत्र एखाद्या स्तोत्रासारखे दिसते. कथा सात पानांवरून वीस पानांवर गेली आणि आम्ही ती आनंदाने छापली.

पानिपताविषयी थोडक्यात. सदाशिवरावभाऊ त्या मोहिमेसाठी शनिवारवाड्यातून निघालेच नव्हते. उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६० मध्ये ते पटदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील परतूरहून, उत्तरेकडे गेले. त्यामुळे पुण्यात दसऱ्याला त्यांच्या पाया पडणारी नायिका कोणाच्या पाया पडली, हे लेखकालाच ठाऊक. आणि एका शाळकरी मुलीच्या सांगण्यावरून मोहीम थांबली असती, ही कल्पना मला भाऊंपेक्षा त्या मुलीचाच अपमान करणारी वाटते. तिला इतिहास वाचवायला पाठवू नका. एका माणसाला रात्री शहराबाहेर काढण्याचे काम द्या, ते पुरेसे अवघड आहे. घाशीराम कोतवालाच्या अमलातले, म्हणजे १७९१ पूर्वीचे पुणे घेतलेत, तर रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडणाऱ्याला कोतवालाची माणसे पकडून ठेवत. चांदण्यातला फेरफटका लिहिणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

बाकीच्या चुका एकेका वाक्याच्या आहेत. सदाशिव पेठ १७६९ ची असल्याने १७५५ मध्ये तिथे कोणाचा वाडा असू शकत नाही. सार्वजनिक गणेशोत्सव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे, तेव्हा मिरवणुकीतली पहिली नजरानजर रद्द करावी. चहा आणि टोमॅटो स्वयंपाकघरातून काढावेत. काडेपेटी १८२७ पूर्वी कोणाकडेच नव्हती, चकमक वापरावी. ‘पाच मिनिटांत येते’ असे नायिका म्हणू शकते, पण ऐकणारा घटका मोजतो आणि एक घटका चोवीस मिनिटांची असते, हा गोंधळ फुकट मिळालेला आहे, तो वापरावा. बोडक्या डोक्याने हिंडणारा मुलगा सुतकात आहे असेच लोक समजतील.

एक गोष्ट मात्र आजवर आलेल्या कोणत्याही कथेत मला आढळली नाही. देवीचा रोग जगातून गेल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले आणि तिची लस देणे बंद झाले, त्यामुळे आजच्या कोणत्याही किशोरवयीन मुलाला तिच्यापासून संरक्षण नाही. जेन्नरची लस १७९६ ची. म्हणजे तुमची नायिका अठराव्या शतकात पाय ठेवते, ती गावातल्या, देवी येऊन गेलेल्या माणसांहूनही अधिक असुरक्षित असते, आणि तोंडावर व्रण असलेला नायक तिच्या उशाशी निर्धास्त बसू शकतो, कारण त्याला तो रोग सहसा पुन्हा होणार नाही. लेखकांनी देखणेपणासाठी पुसून टाकलेले हेच व्रण मी प्रत्येक वेळी परत मागते.

यंदा कथा पाठवणाऱ्यांनी पहिल्या पानाच्या माथ्यावर शके, महिना, तिथी आणि पेठ लिहावी. तारीख जानेवारी ते चैत्र यांमधली असेल तर इसवी सनातून अठ्ठ्याहत्तर नव्हे, एकोणऐंशी वजा करावे. पानिपतची लढाई १७६१ च्या जानेवारीत, म्हणून शके १६८२ च्या पौषात येते.